माळ्यावरचा कॅमेरा आणि त्याची किंमत

गेल्या वर्षी इंदूरमधलं आमचं रामबागेतलं जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलं. चार भावंडांचे चार वाटे, त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी सगळं सुरळीत पार पडलं. भांडी वाटली गेली, शिसवी पलंग काकांकडे गेला, देव आमच्याकडे आले. उरला तो माळ्यावरचा कॅमेरा.

हा कॅमेरा पणजोबांचा. ते होळकर संस्थानच्या नोकरीत होते आणि हौसेने फोटो काढायचे, एवढंच आम्हाला माहीत होतं. लाकडी चौकोनी खोका, पितळेचे कोपरे, मधे चामड्याचा भाता आणि पुढे पितळी नळीतली लेन्स. लहानपणी आम्ही त्याला 'पेटी' म्हणायचो आणि त्याला हात लावला की धपाटा मिळायचा.

काकांनी मोबाईलवर शोधलं. तसाच दिसणारा एक कॅमेरा कुणीतरी साडेतीन लाखांना विकायला ठेवला होता. त्या दिवसापासून पेटीचा 'अँटिक कॅमेरा' झाला. आत्या म्हणाली, विकायचा नाही. काका म्हणाले, मग माझ्या वाट्याचे पैसे द्या. चुलतभाऊ म्हणाला, आधी खरी किंमत तरी काढा. मी सॉफ्टवेअरवाला, "तूच बघ रे, तुला इंटरनेटचं कळतं," असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

मी सगळ्यात आधी काय केलं असेल? रविवारी सकाळी चिंच आणि मीठ घेऊन बसलो आणि पितळ लखलखीत घासून काढलं. फोटो चांगला आला तर किंमत जास्त येईल, हा माझा हिशोब. ती चूक पुढे सांगतोच.

प्लेट कॅमेरा म्हणजे काय

आपल्या पिढीने फिल्मचा रोलही फारसा पाहिलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. फिल्म येण्याआधी फोटो काचेवर घ्यायचे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. त्यात काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवावी लागायची. म्हणजे बाहेरगावी जायचं तर अंधारा तंबू आणि बाटल्या सोबत न्यायच्या. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि पुढच्या दहाएक वर्षांत तयार प्लेटा डब्यात बंद होऊन दुकानात मिळू लागल्या. फोटोग्राफी हौशी माणसाच्या हातात आली ती तेव्हा. आमच्या पणजोबांसारख्या नोकरदाराच्या हाती कॅमेरा आला तो या कोरड्या प्लेटमुळे.

इंदूरकरांना यात अभिमान वाटावा अशीही गोष्ट आहे. राजा दीनदयाळ हे एकोणिसाव्या शतकातले भारतातले नामवंत छायाचित्रकार. रुरकीला इंजिनियरिंग शिकून ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर आले आणि इथेच फोटोग्राफीला लागले. ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज आपण रोज पाहतो त्या सर हेन्री डेलींनी आणि तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) त्यांना प्रोत्साहन दिलं. पुढे ते हैदराबादला निजामाकडे गेले, सिकंदराबादला आणि मुंबईला त्यांचे स्टुडिओ झाले. १९०५ मध्ये ते वारले. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. काच टिकते, जपली तर. हे वाक्य लक्षात ठेवा.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

सवयीप्रमाणे मी एक एक्सेल शीट उघडली. आठवडाभर रात्री बसून जुन्या लाकडी कॅमेऱ्यांच्या किमती भरल्या. एका रकान्यात विकणाऱ्याने मागितलेली किंमत, दुसऱ्यात खरोखर विकला गेला ती किंमत. विक्रीच्या साइटवर 'विकलेल्या वस्तू' असा वेगळा पर्याय असतो आणि लिलाव कंपन्या आपले निकाल उघड ठेवतात. दोन रकाने शेजारी ठेवल्यावर काकांच्या साडेतीन लाखांचं गूढ उकललं. लाखांत मागणारे खूप होते, तेवढे देणारा एकही नव्हता. ते कॅमेरे वर्षानुवर्षं तसेच पडून होते.

मोठ्या किमती खोट्या नसतात, पण त्यांची कारणं वेगळी असतात. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या एका लिलावात १८३९ चा एक कॅमेरा ७,३२,००० युरोंना गेला. तो पॅरिसच्या आल्फोन्स जिरू यांनी बनवलेला होता आणि त्यावर खुद्द लुई दागेर यांची सही होती. म्हणजे फोटोग्राफी जगासमोर आली त्याच वर्षीचा, ती आणणाऱ्याच्या सहीचा. याउलट २०२२ मध्ये लायका कंपनीचा एक छोटा कॅमेरा १.४४ कोटी युरोंना विकला गेला. तो जिरूच्या कॅमेऱ्यापेक्षा ८० हून जास्त वर्षांनी लहान. मग वय कुठे गेलं?

किंमत वयाला मिळत नाही. किती बनले, किती उरले, कुणाला हवे आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत, यावर ती ठरते. इंग्लंडमध्ये १८८० ते १९१० च्या काळात लाकडी प्लेट कॅमेरे भरपूर बनले. बर्मिंगहॅमची लँकेस्टर, मँचेस्टरजवळची थॉर्नटन-पिकार्ड अशा कंपन्यांनी मध्यमवर्गाला परवडतील असे कॅमेरे विकले. ते आजही बरेच शिल्लक आहेत, म्हणून दिसायला राजेशाही असूनही साधारण मॉडेल तिथल्या लिलावात शंभर-दोनशे पौंडांच्या आसपासच राहतात.

संग्राहक काय पाहतो

ओळखीतून एका संग्राहकांचा नंबर मिळाला. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं. मी त्यांना चकचकीत कॅमेऱ्याचे फोटो पाठवले. पाच मिनिटांत फोन आला. पहिलाच प्रश्न, "पितळ कुणी घासलं?"

मी म्हटलं, "मीच, काका."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग समजावून सांगितलं. त्या काळी कारखान्यातून निघताना पितळेवर लॅकरचा पातळ थर दिलेला असायचा. शंभर वर्षांत तो मधासारखा तांबूस होतो. संग्राहकाला हवा असतो तो हाच मूळ थर. तो एकदा घासला की परत येत नाही. लाकडाला पॉलिश, भात्याला बूटपॉलिश, गंजलेल्या स्क्रूला नवा स्क्रू, या सगळ्याचं तेच. "घाण काढता येते हो, घासलेलं भरून येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची आणि थांबायचं," ते म्हणाले. माझ्या एका रविवारच्या उत्साहाने किंमत तिसऱ्या हिश्श्याने उतरली होती.

मग त्यांनी व्हिडिओ कॉलवर एकेक गोष्ट तपासून घेतली. तुमच्याही घरी अशी पेटी असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आधी नाव. आमच्या कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे एक लाकडी डबी आहे, तिच्यात काळ्या कापडाचा पडदा गुंडाळलेला. दोरी ओढून ताणायचा आणि सोडला की तो झर्रकन खाली येतो. हे शटर. त्याच्यावर 'थॉर्नटन-पिकार्ड' असं लिहिलेलं, म्हणून आम्ही कॅमेराही त्यांचाच समजत होतो. पण हे शटर वेगळं मिळायचं आणि लोक कुठल्याही कॅमेऱ्याला लावायचे. शटरवरचं नाव म्हणजे कॅमेऱ्याचं नाव नव्हे. कॅमेऱ्याचं नाव बहुधा लाकडावर बसवलेल्या छोट्या पट्टीवर असतं, आणि तेही कधी कारखान्याऐवजी विकणाऱ्या दुकानाचं असतं. आमच्या कॅमेऱ्यावर पट्टीच्या जागी नुसती दोन बारीक भोकं आणि फिकट लांबट डाग होता. पट्टी कधीच पडून गेलेली.

मग आकार. इंग्रजी प्लेटांचे तीन आकार जास्त चालायचे. पूर्ण प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंच, अर्धी पावणेपाच बाय साडेसहा, पाव सव्वातीन बाय सव्वाचार. आमचा अर्ध्या प्लेटचा, म्हणजे सर्वांत जास्त मिळणाऱ्यांपैकी.

मग लेन्स. पुष्कळदा कॅमेऱ्यापेक्षा लेन्सच महाग असते. डालमायर, रॉस, फॉइगटलेंडर, झाइस अशी नावं असली तर ती आज डिजिटल कॅमेऱ्यावर लावून वापरणारेही गिऱ्हाईक असतात. अंकही असतो, त्यावरून साल काढता येतं. आमच्या लेन्सवर ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे होते. मी खूश झालो, कारण आजच्या हिशोबाने एफ/४ म्हणजे भरपूर उजेड घेणारी, भारी लेन्स. संग्राहक हसले. त्या काळी ब्रिटनमध्ये 'युनिफॉर्म सिस्टिम' नावाची वेगळी मोजणी होती. तिच्यातला ४ म्हणजे आजचा एफ/८ आणि ८ म्हणजे एफ/११. दोन्ही मोजण्या फक्त १६ वर जुळतात. माझी भारी लेन्स क्षणात साधी झाली.

मग भाता. खोलीत अंधार करून, भाता पूर्ण ओढून आत मोबाईलचा टॉर्च लावायचा. बाहेरून चांदण्या दिसल्या तर तितकी भोकं. आमच्याकडे कोपऱ्यांत सात चांदण्या निघाल्या. तरी नवा भाता बसवू नका, असं त्यांनी बजावलं. मूळ भोकांचा भाता नव्या अखंड भात्यापेक्षा बरा.

लाकूडही पाहायचं असतं. आपल्या हवेत डिंकाने जोडलेले सांधे सुटतात, म्हणून काही कंपन्यांनी खास उष्ण प्रदेशांसाठी सागवानी, पितळी पट्ट्यांनी जखडलेले 'ट्रॉपिकल' कॅमेरे काढले. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँडरसन या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने १८९५ मध्ये आपल्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं, त्याचीही ट्रॉपिकल आवृत्ती निघाली. अशा कॅमेऱ्यांना साध्यापेक्षा कितीतरी जास्त किंमत मिळते. आमचा साधा महॉगनीचा.

आणि नकली नाही ना, हेही पाहायचं. दिवाणखान्यात ठेवायला म्हणून नवे 'जुने' कॅमेरे आपल्याकडे भरपूर बनतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर सावध व्हा. ते १९३० च्या दशकानंतरचे. जुन्या कॅमेऱ्यात एका सरळ खाचेचेच स्क्रू असतात. नकलीत लेन्सच्या जागी नुसती काच असते आणि भाता उघडतच नाही. मात्र भारतात बनलेला प्रत्येक लाकडी कॅमेरा नकली नसतो. केरळमधल्या आलेप्पीला बनणारा 'वागेश्वरी' हा खरा कामाचा कॅमेरा होता. गावोगावच्या स्टुडिओंत त्याने कित्येक वर्षं पासपोर्टचे फोटो काढले, आणि आता त्यालाही संग्राहक विचारतात.

"बाकीचं कुठे आहे?"

सगळं पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मागची घासलेली काच कुठे आहे? आणि प्लेटच्या चौकटी?"

कॅमेऱ्याच्या मागे दुधी काचेची चौकट असते. डोक्यावर काळं कापड घेऊन तिच्यावर उलटं चित्र पाहायचं, फोकस साधायचा, मग ती बाजूला करून तिथे प्लेट भरलेली चौकट सरकवायची. एका चौकटीत दोन प्लेटा, पुस्तकासारख्या. बहुतेक कॅमेऱ्यांबरोबर अशा तीन चौकटी असत. काच आणि चौकटी नसतील तर कॅमेरा नुसता शोभेचा. असतील तर तो आजही फोटो काढू शकतो, आणि किंमत तिथे बदलते.

आमच्याकडे काहीच नव्हतं. घर रिकामं करायला चार दिवस उरले होते. मी, चुलतभाऊ आणि आत्येबहीण पुन्हा माळ्यावर चढलो. ताडपत्रीखाली एक पत्र्याची ट्रंक निघाली. वरची जुनी पंचांगं बाजूला केली तर खाली दुधी काच, अखंड. तीनपैकी दोन चौकटी. आणि तळाशी पुठ्ठ्याचे दोन डबे, त्यावर 'इल्फर्ड' असं इंग्रजीत छापलेलं.

डब्यांत काचा होत्या, एकोणीस. तीन तडकलेल्या. काळपट, कडांना आरशासारखी चमक आलेली. आत्येबहीण म्हणाली, "धुतल्या तर फ्रेमला चालतील." तिची चूक नाही. पूर्वी अगदी हेच व्हायचं. निगेटिव्हचा थर गरम पाण्याने धुऊन काच पुन्हा वापरायची, अशा किती काचा गेल्या असतील त्याला गणती नाही. पण चिंच-मिठाचा धडा ताजा होता. मी म्हटलं, "हात लावू नकोस, आधी विचारू."

संग्राहकांनी सांगितलं ते असं. काच फक्त कडेने धरायची. निस्तेज बाजूवर प्रतिमेचा थर असतो, तिला बोट किंवा पाणी लावायचं नाही. प्रत्येक काच वेगळ्या, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून डब्यात लांब कडेवर उभी ठेवायची, एकावर एक आडवी रचायची नाही. आणि शक्य तितक्या लवकर त्यांचे डिजिटल फोटो काढून ठेवायचे.

हे शेवटचं काम माझ्या आवाक्यातलं. लॅपटॉपवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावला, त्यावर ट्रेसिंग पेपर आणि चार इंच वर दोन पुस्तकांच्या आधाराने काच, म्हणजे स्क्रीनचे ठिपके फोटोत उतरत नाहीत. खोलीत अंधार. वरून फोटो काढायचा आणि संगणकावर रंग उलटे करायचे.

पहिल्या काचेत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या निघाल्या. दुसरीत कुणाचं तरी लग्न. सातव्या काचेत आमच्याच घराचा चौक, तुळशीवृंदावन आणि पाटावर बसलेली नऊवारीतली तरुण बाई. अर्धी प्लेट हाताच्या पंजाएवढी असते, त्यामुळे कितीही मोठं केलं तरी चित्र फुटत नाही. मी चेहरा मोठा केला आणि लॅपटॉप आत्यापुढे ठेवला.

आत्याने चष्मा पुसला. डाव्या भुवईवरचा व्रण बोटाने दाखवत म्हणाली, "ही तर आजी आहे रे माझी. हे बघ, लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती." आत्या सहा वर्षांची असताना ती आजी गेली. तिचा एकही फोटो घरात नाही, असं आम्ही आजवर समजत होतो. काका उठून मागे येऊन उभे राहिले. कितीतरी वेळ कुणी काही बोललं नाही.

हिशोब

आता किंमत सांगतो. घासलेलं पितळ, हरवलेली पट्टी आणि भात्याची सात भोकं एका बाजूला, सापडलेली काच आणि दोन चौकटी दुसऱ्या बाजूला. सगळं धरून संग्राहकांच्या मते बारा ते पंधरा हजार रुपये. चार वाटे केले तर प्रत्येकी तीन ते पावणेचार हजार. काकाच आधी हसले. कॅमेरा आत्याकडे गेला. काचांचे फोटो चारही घरांत पोचले, आणि मूळ काचा कागदात गुंडाळून माझ्या कपाटात उभ्या आहेत.

प्रत्येकाने ठेवूनच घ्यावं, असं मी म्हणणार नाही. विकायचं असेल तर विका, त्यात लाज नाही. फक्त विकण्याआधी घासू नका. मागितलेल्या नाही, मिळालेल्या किमती पाहा. परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायचं म्हणत असाल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू येतात आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

आणि कॅमेरा देताना ट्रंकेचा तळ पाहून घ्या. घेणारा कॅमेऱ्याचे पैसे देईल. काचांना तो बहुधा काहीच देणार नाही, कारण त्यातली माणसं त्याची नसतात. आत्याला मी त्या सातव्या काचेची प्रिंट काढून दिली आहे. ती तिने देवघराशेजारी लावली आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती भुवईवरचा व्रण दाखवते.